मगरिबची अकरा मिनिटं

मी बोलतोय खरा, पण मला आवाज नाही. मला एकूण चौदा वाक्यं दिलेली आहेत आणि तेवढीच मी पडद्यावर किंवा कागदावर उमटवू शकतो. 'कागद संपला.' 'तारीख चुकीची आहे.' 'पंप बंद आहे.' अशी. आज जे सांगायचं आहे ते या चौदांत कुठंच बसत नाही, म्हणून पोटातल्या पोटात बोलतो आहे. तुम्ही ऐकताय असं धरून चालतो.

मी एक प्रोग्राम आहे. ऐन तलूत या वाळवंटातल्या गावच्या खजूरबागांना पाण्याच्या पाळ्या लावून देणारा. माझी भाषा फोर्ट्रान. आज सूर्य मावळला की मला बंद करणार आहेत, आणि मला फार भीती वाटते आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझी गाडी अडखळली तर तुम्ही समजून घ्याल.

माझ्या आधी इथं गादूस होता. तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं. ते भरून टांगायचं, रिकामं झालं की एक गादूस झाला, पुन्हा भरायचं. कुणाला चार गादूस पाणी, कुणाला नऊ. पाटकरी बूबकर मडक्यापाशी बसायचा आणि प्रत्येक वेळी खजुरीच्या पात्याला एक गाठ मारायचा. इथं जमीन वेगळी आणि पाणी वेगळं असतं. बाग तुमच्या नावावर असली म्हणून तिच्यात पाणी येईलच असं नाही. पाण्याचा हक्क निराळा. आणि दिवस सुरू होतो तो मगरिबला, सूर्य मावळताना. तेव्हापासून दुसऱ्या मगरिबपर्यंत एक दिवस.

अडतीस वर्षांपूर्वी पाणीवाटप संस्थेत सी हेदी नावाचे इंजिनियर आले; 'सी' म्हणजे इथलं 'श्री'. बारीक अंगाचे, जाड चष्मा, सतत शर्टाच्या खिशात पेन्सिल शोधणारे. त्यांनी मला लिहिलं. चौदा महिने लागले. बूबकर समोर बसून गाठी मोजून सांगायचा आणि सी हेदी मला घडवायचे.

माझी भाषा सोपी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. तिच्यात कुठल्याही गोष्टीचं नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नसे. प्रत्येक ओळीची पहिली सहा घरं राखीव, सातव्या घरापासून लिहायचं आणि बहात्तराव्याला थांबायचं. चुकून कुणी त्यापुढं लिहिलं तर ते मला दिसतच नसे. तक्रार नाही, आवाज नाही, ओळीच्या टोकाला जे असेल ते गळून पडायचं. एकदा असाच एका ओळीच्या टोकाचा आकडा गळला आणि एका म्हाताऱ्याची पाळी पंधरा दिवस कागदावर आलीच नाही. सी हेदींना ती चूक सापडायला दोन आठवडे लागले. तो म्हातारा रोज येऊन दारात बसायचा. बोलायचा काही नाही, नुसता बसायचा. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. आपण न बोलता कुणाचं तरी झाड वाळवू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते अकरा मिनिटांचं झालं.

सी हेदी सगळ्यांच्या पाळ्यांची बेरीज करत होते. चोवीस तास व्हायला हवेत, होत होते तेवीस तास एकोणपन्नास मिनिटं. त्यांनी तीनदा करून पाहिली.

"बूबकर, अकरा मिनिटं कुठं जातात?"

"कुठली?"

"रोजची. दोन गादूस कमी पडतात."

बूबकर तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. खांद्यावरचं फडकं काढून त्यानं तोंड पुसलं. "मगरिबला मी नमाज पढतो ना. मडक्यापाशी कोण बसणार? म्हणून तेवढा वेळ पाटाची सगळी दारं बंद."

"आणि पाणी?"

"पाणी कुणाचंच नसतं तेव्हा."

"अरे, कुणाचं नसलं तरी वाहतं कुठंतरी!"

"उताराकडं वाहतं," बूबकर म्हणाला आणि जमिनीकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पाटाच्या शेवटाला, टेलला, सालहाची बाग आहे."

सालहाला पाण्याचा हक्क नव्हता. बाग होती. सात खजुरी, त्यांच्या सावलीत डाळिंबं, आणि त्याखाली थोडा गाजर-मुळा. तिचा नवरा मसऊद वारला होता. तो कसा वारला हे मला त्या दिवशी कळलं नाही, ते फार पुढं कळलं.

"हे लिहू नका, सी हेदी," बूबकर म्हणाला. "लिहिलं की कुणीतरी वाचणार, वाचलं की भांडणार. आजवर कुणी बोललं नाही म्हणून चाललंय."

"न लिहिता यंत्राला कसं सांगू? त्याला काय खुणावून कळतं?"

"मग असं लिहा की कुणाला वाचता येणार नाही."

सी हेदी हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "त्याची काळजी नको. या भाषेत ते आपोआपच होतं."

तरीही त्यांनी जास्तीची मेहनत घेतली. चाळीस ओळी लिहिल्या आणि त्या तीन ठिकाणी विखरून ठेवल्या. २१० वरून ८४० वर उडी, तिथून मागं ३३० वर, तिथून पुन्हा पुढं. रमजानात बूबकर आधी खजूर-दूध घेऊन रोजा सोडायचा आणि मग नमाज पढायचा, म्हणून कार्यालयातल्या माणसानं 'चंद्र दिसला' अशी नोंद केली की मी अकराऐवजी बावीस मिनिटं दारं बंद ठेवायची, तेही त्यातच. "सालहाला ईदपेक्षा रमजान जास्त आवडत असेल," असं सी हेदी म्हणाले होते.

आणि सगळ्यात शेवटी त्यांनी मला चौदावं वाक्य दिलं. पुढंमागं कुणी ती अकरा मिनिटं उचलून दुसऱ्या कुणाच्या पाळीत घातली, बेरीज भरून चोवीस तास आली, तर मी काम थांबवायचं आणि एवढंच लिहायचं: 'थांबलो आहे. बूबकरला विचारा.'

हे वाक्य मला अडतीस वर्षांत एकदाही वापरावं लागलं नव्हतं. या उन्हाळ्यापर्यंत.

मधल्या वर्षांचं फार सांगत नाही. हिरव्या अक्षरांच्या पडद्यावरून मला दुसऱ्या यंत्रावर नेलं, तिथून तिसऱ्या. दर वेळी नेताना मी अर्धमेला व्हायचो. सी हेदी बदली होऊन गेले आणि तिकडंच वारले, असं कुणीतरी चहा पिता पिता म्हणालं. पहिली वीस वर्षं मी नुसतं पत्रक छापायचो आणि बूबकर हातानं दारं उघडायचा. मग दारांना मोटारी बसल्या, मोटारींची तार माझ्यापर्यंत आली आणि बूबकर घरी बसला. दारं मिटायला आता माणूस लागत नव्हता. नमाजाला जाणारं कुणी उरलं नव्हतं. तरी मी रोज मगरिबला अकरा मिनिटं सगळी दारं मिटत होतो. मला तसं सांगितलेलं होतं.

त्याच वेळी टेलला एक मापक बसवला. तिथून मला एक आकडा येतो. अकरा मिनिटं तो आकडा वर चढायचा आणि मग शून्य व्हायचा. सालहाची बाग मी कधी पाहिली नाही. माझ्यासाठी ती बाग म्हणजे तो चढणारा आकडा. तसं दर वर्षी डाळिंबं पिकली की सालहा एक ताटली घेऊन कार्यालयात यायची आणि माझ्या यंत्राशेजारी ठेवून जायची. "कशाबद्दल, मावशी?" असं विचारलं तर म्हणायची, "असंच. पिकली म्हणून." कार्यालयातली माणसं खाऊन टाकायची. मला काही ती खाता येत नाहीत. पण ती ताटली इतर कुठल्याही टेबलावर न ठेवता ती माझ्याचपाशी का ठेवते, ते मी ओळखून होतो.

आता सौसनचं सांगतो. ती इथलीच, गाबेस शहरात शिकून आलेली. कामाला बसली की केसांत पेन खोचते, एका हातात हरीसाची लाल तिखट चटणी लावलेला पाव धरते आणि दुसऱ्या हातानं लिहिते. तिनं नवा प्रोग्राम लिहिला, पायथॉनमध्ये. मी नऊ हजार ओळींचा. तो सहाशे चाळीस ओळींचा. मला चौदा महिने लागले होते. तिनं पाच आठवड्यांत उभा केला.

मी त्याला पाहिलं आणि हादरलो. त्याला सहा अक्षरांची अट नाही. 'सूर्यास्ताची वेळ' म्हणायचं तर तो तसंच म्हणतो. ओळीचं टोक गळत नाही. चूक झाली तर कितव्या ओळीत झाली ते सांगतो. माझ्यात एक नवा बागवाला घालायचा तर आठवडा जायचा आणि त्यात दुसराच कुणी बाहेर फेकला जायचा. तिनं एका सकाळी चार घातले आणि दुपारी निवांत झोपली. सूर्य कधी मावळतो हे मी एका लांबलचक तक्त्यातून शोधतो, जो सी हेदींनी हातानं भरला होता. त्याला ते दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं आयतं मिळतं, तो फक्त मागतो.

तो माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी रागानं म्हणत नाही. पण भीती त्यामुळं कमी होत नाही, उलट वाढते. तो वाईट असता तर मला आशा तरी राहिली असती.

एक दिवस तिनं नव्यानं काढलेलं पत्रक मला तपासायला दिलं. मी बेरीज केली. चोवीस तास. पुरे चोवीस.

मी थांबलो. आणि चौदावं वाक्य लिहिलं.

"हे काय आता?" सौसन पाव खाली ठेवत म्हणाली. "सी नाजी, इकडं या. मशीन कुणा बूबकरला बोलावतंय."

सी नाजी संस्थेचे अध्यक्ष. वरच्या अंगाला त्यांची मोठी बाग. बोलणं तोडून, पण माणूस वाईट नाही. विहिरीचं पाणी दर वर्षी खाली चाललंय, आणि त्याची सगळ्यात जास्त काळजी त्यांनाच आहे. सौसननं त्यांना दाखवलं की जुना प्रोग्राम रोज अकरा मिनिटं सगळी दारं मिटून ठेवतो.

"म्हणजे वर्षाचे किती?"

"सदुसष्ट तास तरी."

"सदुसष्ट तास पाणी वाळूत!" सी नाजींनी कपाळावर हात मारला. "आणि आम्ही पावसाची वाट बघतोय. बोलवा त्या म्हाताऱ्याला."

बूबकर आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठी टेकत. सौसननं त्याला खुर्ची दिली.

"बूबकरकाका, हे मशीन तुमचं नाव घेतंय."

"मी काही केलेलं नाही," बूबकर लगेच म्हणाला.

सगळे हसले. सौसननं त्याला पुदिन्याचा चहा दिला आणि अकरा मिनिटांचं विचारलं. बूबकरनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा सी नाजींकडं. पेला त्याच्या हातात वाजायला लागला.

"आठवत नाही, पोरी. सकाळी चप्पल कुठं काढली ते आठवत नाही मला."

"मग मशीनला तुमचंच नाव कसं आठवतं?"

"तेही म्हातारं झालंय. म्हाताऱ्यांना म्हातारेच आठवायचे."

पुन्हा हसले सगळे. मी मात्र गार पडलो. साऱ्या जगात हे माहीत असलेला हा एकच माणूस, आणि त्यानं मला ओळख दिली नाही. मला त्याचा राग आला नाही. तीस वर्षं दारं त्याच्या हातात होती. आज तो बोलला असता तर लोक म्हणाले असते, यानंच पाणी पळवलं. आणि कुणासाठी पळवलं, हेही म्हणाले असते. एका विधवेचं नाव आणि एका पुरुषाचं नाव एका ओळीत आलं की बाजारात ती ओळ किती लांब होते, ते बूबकरला माहीत होतं. त्याला स्वतःची भीती होती आणि तिच्यासाठीही होती.

सौसननं तीन दिवस माझ्यात डोकं घातलं. मनापासून वाचायचा प्रयत्न केला तिनं. २१० वरून ८४० वर गेली, मागं ३३० वर आली आणि तिथं हरवली. "हा इंजिनियर होता की उंदीर?" ती स्वतःशीच म्हणाली. "नुसती बिळं करून ठेवलीत."

ती बिळं का केली होती ते ओरडून सांगावं असं वाटलं. पण माझ्याकडं वाक्य नव्हतं. 'कागद संपला' हे होतं.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून दारांच्या तारा नव्या प्रोग्रामला जोडल्या. मला तुलनेसाठी महिनाभर बाजूला चालू ठेवलं. मी नुसता बघत होतो. पहिल्या मगरिबला अजान झाली. माझ्या हिशोबानं दारं मिटायला हवी होती. मिटली नाहीत. टेलकडचा आकडा शून्यावर होता, शून्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. बाहेर सत्तेचाळीस डिग्री.

तोच आकडा नव्या प्रोग्रामलाही येत होता. त्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटायचं: 'गळती शून्य.' त्याला कुणी वेगळं काही सांगितलंच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जगात टेलला कुणी राहतच नव्हतं.

दहाव्या दिवशी मी दारात बसलेल्या त्या म्हाताऱ्याची आठवण काढली. या वेळी तर दारातही कुणी येत नव्हतं. सालहा कशी येणार? काय मागणार? कुणी विचारलं असतं, "मावशी, तुमची पाळी कुठली?" तर तिच्याकडं काय उत्तर होतं? तक्रार केली तर जे मिळत होतं ते मिळत होतं हेच आधी कबूल करावं लागणार. मी आकडे मोजत राहिलो. चौदा शून्यं. अठरा शून्यं. माझ्याच्यानं आणखी काही होत नव्हतं. रोज सकाळी मी जुन्या पद्धतीनं पत्रक छापत होतो, मगरिबला अकरा मिनिटांची मोकळी जागा सोडून, आणि सौसन ते न बघता ढिगावर ठेवत होती.

बाविसाव्या दिवशी सालहा आली.

बूबकर नेमका तेव्हा बाकावर बसला होता, मुलाच्या पाळीची चिठ्ठी न्यायला आला होता. सालहानं त्याच्याकडं पाहिलं नाही. कुणाकडंच पाहिलं नाही. हातातली ताटली तिनं माझ्या यंत्राशेजारी ठेवली.

सौसन उठली. "मावशी, डाळिंबं? इतक्या लवकर?"

"काढली नाहीत ग. गळली."

ताटलीत अंगठ्याएवढी, सुरकुतलेली, काळपट पडलेली डाळिंबं होती. पंधरा-वीस. एकही खाण्याजोगं नाही.

"मग ही इथं..."

"सवय आहे म्हणून आणली," सालहा म्हणाली. "दर साली आणते ना. यंदा हीच आहेत." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून वळली. दारापर्यंत गेली, तिथं जरा थांबली. "तुझं काम चांगलं चाललंय म्हणतात. सगळ्यांना पाणी वेळेवर येतंय. चांगलं आहे, पोरी." ती टोमणा मारत नव्हती. खरंच म्हणत होती. म्हणूनच ते ऐकवेना.

ती गेली. सौसननं एक डाळिंब उचललं, नखानं फोडलं. आत कोरडं.

"बंद कर ते," बूबकर म्हणाला.

"काय बंद करू, काका?"

"तुझी दारं. मगरिबला. मला आठवतं सगळं. त्या दिवशीही आठवत होतं." त्यानं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "मी घाबरलो होतो, पोरी. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस कशाला घाबरतो ते विचारू नकोस."

मग त्यानं सांगितलं. सौसन ऐकत राहिली, आणि मधेच उठून माझ्या त्या चाळीस ओळी पुन्हा उघडून बसली. या वेळी ती हरवली नाही. कुठं जायचं आहे हे कळल्यावर बिळंही वाटा होतात.

"पण काका, मला हे असं लपवता येणार नाही," ती म्हणाली. "माझ्या भाषेत सगळं वाचता येतं. सी नाजीसुद्धा वाचतील."

"अवघड लिहायला जमत नाही तुला?"

"जमेल. पण मग माझ्यामागून येणारी मुलगी तेच करेल जे मी केलं."

बूबकरनं चहाचा पेला मागितला आणि तो थंड होईपर्यंत नुसता हातात धरून बसला. "मग वाचू दे," तो शेवटी म्हणाला. "मी उभा राहतो."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर समितीची सात माणसं कार्यालयात जमली. इतका घाबरलो होतो मी की त्या सकाळचं पत्रक दोनदा छापलं. सौसननं पडदा त्यांच्याकडं वळवला. एकच ओळ होती, आणि तिच्या डोक्यावर साध्या अरबीत टीप: 'मगरिबला अकरा मिनिटं, रमजानात बावीस, सर्व दारं बंद. हे पाणी टेलच्या विधवेच्या बागेला.'

सी नाजींनी मोठ्यानं वाचलं. मग चष्मा काढला. "हे असं लिहिता येत नाही. लिहिलं की तो हक्क होतो. उद्या आणखी एक विधवा येईल, परवा तिसरी. विहीर किती खाली गेली माहिती आहे?"

"मला माहिती आहे," बूबकर म्हणाला. तो खरंच उभा राहिला होता. "तुला मसऊद आठवतो का, नाजी?"

"तिचा नवरा. पाटाचा काठ ढासळून गेला."

"कुठल्या पाटाचा? वाळूनं मुख्य पाट बुजला होता त्या साली. तीन दिवस कुणाच्याच बागेत थेंब नव्हता. खाली उतरायला एकटा तो तयार झाला. सगळ्यांचं पाणी त्यानं मोकळं केलं आणि वर आला नाही. स्वतःच्या पाण्याचा हक्क त्यानं आजारपणात आधीच विकून घालवला होता. आम्ही कबरस्तानातून आलो तेव्हा मगरिब झाली होती. एक जण म्हणाला, मगरिबच्या वेळी पाणी कुणाचं नसतं, दारं मिटा, खाली जाऊ दे. आणि हे कधी बोलायचं नाही, तिला भीक घातल्यासारखं वाटायला नको."

"कोण म्हणालं असं?"

"तुझे बाबा."

सी नाजींनी हातातला चष्मा सदऱ्याला पुसला. "मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"बोलायचं नाही, असं तेच म्हणाले होते ना!" बूबकर वैतागून म्हणाला. "मी काय करणार?"

कोपऱ्यातून एक जण खाकरला. "मला वाटत होतं, हे फक्त मलाच माहितीय," तो म्हणाला. त्याच्या शेजारचाही मान हलवत होता.

सी नाजींनी चष्मा परत लावला आणि ती टीप पुन्हा वाचली. "असं नाही लिहायचं," ते म्हणाले. "विधवा-बिधवा काढ. 'मसऊदचं पाणी' लिही. आणि कुणी 'का' म्हणून विचारलं तर सांग, त्याचं मोल त्यानं सगळ्यांच्या आधी भरलंय."

सौसननं तसं लिहिलं. मला चाळीस ओळी लागल्या होत्या, तिला एक पुरली. आणि माझ्या चाळीसांत कुठंही मसऊदचं नाव नव्हतं.

मला तेव्हा काही गोष्टी स्वतःबद्दल कळल्या. माझ्यातला बराचसा गुंता माझ्या भाषेचा होता. सहा अक्षरं, बहात्तर घरं, हातानं भरलेले तक्ते. तो टाकून दिला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, उलट सुटका होते. पण थोडा गुंता माणसांचा होता. तो भाषा बदलली तरी राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सौसनला वेगळे ओळखता आले नाहीत यात तिचा दोष नव्हता. आम्हीच ते लपवलं होतं.

तिनं आणखी एक केलं. तिच्या प्रोग्रामला थांबायची सवय नव्हती. तिनं त्याला ती लावली. कुणी ती ओळ काढली तर तो आता थांबतो आणि लिहितो: 'थांबलो आहे. सौसनला विचारा.'

"म्हणजे तू आता म्हातारी होईपर्यंत इथून हलायचं नाहीस," बूबकर तिला म्हणाला.

"तुम्ही कुठं हललात, काका?"

या गोष्टीला आठ दिवस झाले. यंदा सालहाला डाळिंबं नाहीत. खजुरी वाचल्या. दोन डाळिंबांची झाडं पूर्ण वाळली, बाकीच्यांना खालून पालवी आहे, असं ती काल येऊन सांगून गेली. रिकाम्या हातानं आली म्हणून तिला लाज वाटत होती. तिला कुणीतरी पडद्यावरची ओळ वाचून दाखवली. ती नवऱ्याच्या नावापाशी बोट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "त्याचं नाव कुणी लिहिलं नव्हतं कधी."

आज माझा महिना संपला. सौसननं माझी एक प्रत करून ठेवली आहे, पण ती चालणार नाही, नुसती पडून राहील. पडून राहणं म्हणजे काय असतं ते मला माहीत नाही. मघापासून माझ्या बेरजा नीट जुळत नाहीयेत. मी दोन-दोनदा करतो आहे.

तुम्हीही कुठंतरी जुनं काढून नवं बसवत असाल. बसवा, मी कोण अडवणारा? फक्त एखादी वेडीवाकडी ओळ दिसली, जिचा अर्थ लागत नाही आणि जिच्यामुळं बेरीज थोडी कमी पडते, तर ती पुसण्याआधी कुणाला तरी विचारा. तो माणूस 'आठवत नाही' म्हणाला तर पुन्हा विचारा. त्याचा पेला हातात वाजतोय का ते बघा. माझं चौदावं वाक्य मी तुमच्याकडं ठेवून जातो.

अजान सुरू झाली. सौसन माझ्यासमोर येऊन बसली आहे, पण तिनं अजून कळ दाबलेली नाही. दारं मिटताहेत, एकामागून एक. मी मिटलेली नाहीत, त्या नव्या प्रोग्रामनं मिटली. टेलचा आकडा हलला. वर चढतोय.

ती म्हणाली आहे, अकरा होऊ दे, मग बंद करते.

मी मोजतोय. सात. आठ. भीती गेलेली नाही. नऊ. पाणी पोचलंय. दहा.